शीर्षकात धुव्वा, निकालात दोन गुण

महोदय,

ठाण्यातील कबड्डी सामन्याच्या बातमीला आपल्या क्रीडा पानावर ‘प्रतिस्पर्ध्यांचा धुव्वा’ असे शीर्षक होते. खालच्या मजकुरात मात्र विजयी संघ अवघ्या २ गुणांनी, तोही शेवटच्या चढाईत, सरस ठरल्याचे वाचायला मिळाले. इंग्रजी क्रीडा पत्रकार काठावरच्या विजयासाठी ‘एज’ किंवा ‘पिप’ आणि एकतर्फी विजयासाठी ‘थ्रॅश’ अशी क्रियापदे राखून ठेवतात, त्यामुळे शीर्षकावरूनच लढतीची कल्पना येते. मराठीत ही सोय नाही, असे मुळीच नाही. २०२३ च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात श्रीलंकेचा डाव ५० धावांत गुंडाळून भारत १० गडी राखून जिंकला, तेव्हा ‘धुव्वा’ शोभून दिसला. २०२४ च्या टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेवरचा ७ धावांचा विजय ‘निसटता’ होता. आणि २०२५ मध्ये आमच्या नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिलांनी त्याच देशाला ५२ धावांनी हरवले, त्यासाठी ‘नमवले’ पुरेसे होते. (आनंदाच्या भरात आम्हीही त्या रात्री बरेच काही म्हटले, ते वेगळे!) गुणांवर जिंकलेल्या कुस्तीला आखाड्यात कोणी ‘चीतपट’ म्हणत नाही, कारण त्यासाठी प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकवावी लागते. शीर्षक देताना उपसंपादकांनी विजयाचा फरक पाहावा, म्हणजे अखेरच्या चढाईपर्यंत झुंजलेल्या पराभूत संघावरही अन्याय होणार नाही, ही विनंती.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, नेरुळ, नवी मुंबई