बिऱ्हाडाआधी कागद हलवा

महोदय,

शाळांच्या वार्षिक परीक्षा आटोपल्या की आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी दर शनिवार-रविवारी एखादा तरी बंदिस्त ट्रक उभा दिसतो. कुणी हैदराबादला निघालेले असते, कुणी बेंगळुरूला, कुणी गुरुग्रामला. बँकेच्या नोकरीत मी स्वतः पाच वेळा बिऱ्हाड हलवले, त्यांपैकी दोनदा महाराष्ट्राबाहेर. त्यामुळे गेल्या वर्षी मुलगी आणि जावई पुण्याहून बेंगळुरूला निघाले तेव्हा तयारीची सूत्रे मी मोठ्या आत्मविश्वासाने हाती घेतली. खोकी, गोणपाट, सुतळी, काचेच्या भांड्यांना वर्तमानपत्राचे कागद (त्यांत आपलेही अंक होते, क्षमस्व), सारे काही चोख झाले. चुकले ते कागदपत्रांत. तीच चूक या हंगामात अनेक कुटुंबे करणार आहेत आणि तिचा काही भाग टाळणे शासनाच्या हाती आहे, म्हणून हे पत्र.

सामान नेणाऱ्या कंपनीशी फोनवर ३८ हजार रुपये ठरले होते. ट्रक संध्याकाळी येणार होता, तो रात्री साडेआठला आला. सामान भरता भरता साडेदहा वाजले आणि त्या घाईत जावयाने बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीवर, आणि सामानाच्या यादीवर एकामागून एक सह्या केल्या. पुणे ते बेंगळुरू हे साधारण ८४० किलोमीटरचे अंतर. तिसऱ्या दिवशी मिळायचे सामान सहाव्या दिवशी मिळाले, आणि तेही ‘माल ठरल्यापेक्षा जास्त निघाला, आणखी १४ हजार भरा, नाहीतर गोदामात उतरवतो’ असा निरोप आल्यावर ते पैसे मुकाट भरून. गॅसची शेगडी आणि मुलांचे कपडे दुसऱ्याच्या ट्रकमध्ये अडकलेले असताना तत्त्वासाठी भांडायला कुणाला बळ असते? माझ्या आईच्या सागवानी देव्हाऱ्याचा कळस मोडून आला. तक्रार करायची म्हणून यादी काढून पाहिली, तर त्यात कामगाराच्या हाताने आधीच लिहून ठेवलेले होते: ‘देव्हारा, जुना, ओरखडे, कळस सैल’. घरातली प्रत्येक वस्तू त्या यादीत अशीच ‘जुनी, ओरखडे’ होती, अगदी दोन महिन्यांपूर्वी घेतलेला फ्रिजसुद्धा!

नंतर कायदा वाचला, जो आधी वाचायला हवा होता. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीसाठी २००७ चा ‘कॅरेज बाय रोड’ कायदा आहे आणि त्याखालचे नियम २०११ चे आहेत. त्यांनुसार मालाची हानी झाल्यास वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते आणि ती मालाच्या घोषित किमतीपलीकडे जात नाही. म्हणजे ३८ हजारांच्या भाड्यावर ३ लाख ८० हजारांपर्यंत दाद मागता आली असती. परंतु आमच्या बिल्टीवर मालाची किंमत कंपनीच्या माणसाने परस्पर १० हजार रुपये लिहिली होती आणि त्याखाली जावयाची सही होती. सगळ्या संसाराची किंमत १० हजार! बिलात ‘विमा’ म्हणून ३ टक्के रक्कमही घेतली होती. पॉलिसी मागितली तेव्हा कळले की कोणत्याही विमा कंपनीची पॉलिसी काढलेलीच नाही. तो त्यांचाच ‘जोखीम आकार’ होता. विमा खरा असेल तर पॉलिसी क्रमांक असलेला कागद ट्रक हलण्याआधी हातात पडतो. तो पडत नसेल तर ती रक्कम निव्वळ दक्षिणा समजावी.

एवढे होऊनही सगळ्या वाटा बंद होत नाहीत. नुकसानीची लेखी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते; फोनवरची भांडणे आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली छायाचित्रे यांवर विसंबून अनेकजण ही मुदत घालवतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते, त्यामुळे नव्या गावी गेलेल्या माणसाला जुन्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे वाढीव १४ हजारांपैकी निम्मे परत आले. माझे म्हणणे एवढेच आहे की या कायद्यान्वये वाहतूकदाराला नोंदणी करावी लागते, तर तो नोंदणी क्रमांक जाहिरातीवर आणि बिल्टीवर ठळक छापलेला आहे की नाही हे परिवहन विभागाने तपासावे, आणि नोंदणीकृत वाहतूकदारांची यादी मराठीत, सामान्य माणसाला शोधता येईल अशी ठेवावी.

दुसरा घोळ गाडीचा. दुसऱ्या राज्यात वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी इथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. नमुना २८ भरून ते मिळते असे ऐकून आम्ही निश्चिंत होतो. प्रत्यक्षात मुलीच्या गाडीवर पुण्यातली तीन ई-चलने थकलेली निघाली. ती भरली, तर नोंदणी पुस्तकात कर्जाचा बोजा तसाच होता. कर्ज २०२२ मध्येच फिटले होते आणि बँकेने तसे पत्रही दिले होते, पण ते आरटीओत कुणी दाखल केले नव्हते आणि आता त्याची मुदत उलटली होती. पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या सासऱ्याच्या घरात हे घडावे, यावर जावई काही बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा. नवे पत्र, नमुना ३५, बोजा उतरवणे आणि मग ना-हरकत, यांत सात आठवडे गेले. जे कर्नाटकात निघाले आहेत त्यांनी निघण्याच्या निदान तीन महिने आधी आपले नोंदणी पुस्तक उघडून पाहावे, आणि गाडी राज्यात कधी शिरली याचा पुरावा म्हणून त्या दिवशीची फास्टॅगची नोंद जपून ठेवावी. बाहेरच्या क्रमांकाची गाडी दिसली की ‘किती दिवस झाले?’ हा पहिला प्रश्न असतो.

कर्नाटकात गाडीच्या वयानुसार आजीवन कर भरावा लागतो आणि तो हलका नाही. त्याच वेळी महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेल्या काळापुरता भाग परत मिळण्याची तरतूद आहे. मात्र त्यासाठी आधी तिथे नोंदणी करून तिचा पुरावा इथे, मूळ कार्यालयात, सादर करावा लागतो. हा क्रम आम्हाला एका मोटारमेकॅनिकने सांगितला. ना-हरकत देताना खिडकीवर त्याविषयी एक अक्षर कुणी उच्चारले नाही. माझ्या ओळखीतल्या चार कुटुंबांपैकी तिघांनी हा परतावा कधी मागितलाच नाही, कारण तो असतो हेच त्यांना ठाऊक नव्हते. ज्यांची बदली दर दोन-तीन वर्षांनी होते आणि ज्यांच्या कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत आहेत, त्यांनी नवी गाडी घेतानाच २०२१ पासून सुरू झालेल्या ‘बीएच’ (भारत) नोंदणी मालिकेचा विचार करावा. तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो आणि राज्य बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही.

गॅसजोडणी, मतदारयादीतील नाव, आधारवरचा पत्ता ही कामे त्या मानाने सोपी झाली आहेत. सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून पावती घेतली की काम भागते. मतदारयादीसाठी आता स्थलांतराचा नमुना ८ भरायचा. धाकटा नातू दुसरीत गेला, त्याला शाळेत कन्नड सक्तीचे आहे. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये मराठीबाबत तेच केले असल्याने तक्रारीला जागा नाही, आणि तो आता भाजीवाल्याशी आमच्या जावयापेक्षा बरे कन्नड बोलतो.

खरा धक्का थोरल्या नातीच्या बाबतीत बसला. ती नववी उत्तीर्ण झाली होती आणि तिला डॉक्टर व्हायचे आहे. तिचा शाळा सोडल्याचा दाखला घेण्याचे काम माझ्याकडे होते, कारण परराज्यात जाणाऱ्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते आणि तोवर बाकीचे कुटुंब पुढे गेले होते. त्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी सहज विचारले, ‘मुलगी मेडिकलला जाणार असेल तर दहावी-बारावी बाहेर कशी करताय?’ एमबीबीएसच्या शासकीय जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात आणि ८५ टक्के राज्याच्या कोट्यात. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी काही अपवाद सोडल्यास दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे आणि अधिवास दाखला असणे आवश्यक असते. कर्नाटकाच्या कोट्यासाठी सर्वसाधारण नियमाने सात वर्षे तिथे शिक्षण झालेले लागते. तिचे तीनच वर्षांचे झाले असते. म्हणजे मुलगी धड इथली नाही, धड तिथली नाही. मी दाखल्याचा अर्ज न देताच रांगेतून बाहेर पडलो. आज ती आमच्याकडे कोथरूडला राहून दहावी करते आहे. तिचे अभ्यासाचे टेबल मात्र तोवर ट्रकमधून बेंगळुरूला पोहोचले होते. ती जेवणाच्या टेबलावर अभ्यास करते आणि आम्ही दोघे रात्रीचे जेवण सातला उरकतो.

आठवी ते अकरावीतल्या विद्यार्थ्यासाठी परराज्यात जाण्याचा दाखला मागितला गेला, तर शाळेने त्या पालकाला राज्य कोट्याच्या अटी सांगणारे एक पानी पत्रक द्यावे आणि ते मिळाल्याची सही घ्यावी, अशी माझी शालेय शिक्षण विभागाला विनंती आहे. आरटीओने ना-हरकत प्रमाणपत्रासोबत कर परताव्याची माहिती तशीच द्यावी. दोन्हींचा खर्च एका झेरॉक्सचा आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
कोथरूड, पुणे