बार्शी लाइटच्या स्थानकांची नोंद व्हावी

महोदय,

ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली आणि पुढे पंढरपूर, लातूर (1911) व मिरजेपर्यंत (1927) पोहोचली. अवघ्या अडीच फुटी रुळांवर प्रत्येक आसावर पाच टन भार समान वाटण्याची तिची रचना त्या काळी खरोखर दूरदृष्टीची होती. या अरुंद रुळांचे ब्रॉडगेजमध्ये रुंदीकरण आवश्यकच होते. परंतु शेंद्री, पांगरी, ढोकी, मोडनिंब यांसारख्या स्थानकांमुळे गावोगावच्या शेतमालाला आणि वारकऱ्यांना वाट मिळाली, हे विसरता येणार नाही. रेल्वेने या प्रत्येक स्थानकावर मराठीत माहितीफलक लावावा आणि जुने नकाशे, वेळापत्रके, छायाचित्रे कुर्डुवाडीत जतन करावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, बार्शी