सुक्कोतसाठी कोबी-खिम्याचे थर

प्रिय आई-बाबा,

शालोम. सुक्कोतला, म्हणजे आपल्या मांडवाच्या सणाला, इकडे इस्रायलमध्ये मूळच्या पोलंड-हंगेरीकडच्या ज्यूंच्या घरी कोबी आणि बीफचा खिमा मंद आचेवर भाजतात, तो कसा करायचा ते बाबांनी विचारलं होतं. मूळ पदार्थात पानांत खिमा भरून गुंडाळ्या करतात. दोन शेजारी ठेवल्या की सेफर तोरासारख्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळीसारख्या दिसतात, म्हणून सुक्कोतच्या शेवटी येणाऱ्या सिम्हात तोरा या तोराच्या सणाला त्यांचा मान. तुम्ही त्या नादी लागू नका. थर लावले तरी चव तीच, आणि एकच भांडं उचलून सुक्क्यात, म्हणजे सणाच्या मांडवात, नेता येतं.

बीफऐवजी हज्जानने (सिनेगॉगमधली प्रार्थना चालवणाऱ्याने) कापलेलं मटण घ्या, पाऊण किलो, थोडी चरबी असलेलं. नुसत्या मांसाचा खिमा भाजून खडखडीत कोरडा होतो. रक्त निघावं म्हणून मीठ लावून धुतल्यावरच खिमा करायला द्या. एकदा खिमा झाला की ते जमत नाही. मांसात मीठ राहिलेलं असतं, तेव्हा वरून एक चमचाच घाला.

खरी मेख कोबीच्या पाण्यात आहे. किलोभराचा अख्खा गड्डा दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, आदल्या रात्री बाहेर काढा. पानं न उकडताच लवचिक होतात. मग प्रत्येक पान मिठाच्या पाण्यात बुडवून, धुऊन, उजेडासमोर धरून किडे बघा. आई, हे काम चष्मा लावूनच. शेवटी पानं घट्ट पिळा, नाहीतर तळाशी कोबीचं सूप होतं.

शंभर ग्रॅम तांदूळ सहा-सात मिनिटं उकळून निथळा. कच्चा घातला तर टोमॅटोच्या आंबटात तो टणकच राहतो. खिम्यात भात, बारीक कांदा, एक अंडं, मिरपूड हलक्या हाताने मिसळा. कणकेसारखं मळलंत तर वीट होईल.

रसाला किलोभर टोमॅटोची प्युरी, दोन लिंबं, साठ ग्रॅम गूळ, मूठभर मनुका. नारळाचं दूध घालायचा मोह होईल, पण आंबट-गोड धार बोथट होते.

तळाला पानं, मग खिमा, रस, पुन्हा पानं. सगळ्यात वर पानंच. मनुका थरांच्या आत राहू द्या, वर आल्या की जळून कडू होतात. झाकताना आधी बेकिंग पेपर, मग फॉइल, कारण टोमॅटो फॉइलला खातो. १६० अंशांवर तीन तास, त्यानंतर वीस मिनिटं उघडं. कापण्याआधी अर्धा तास थांबा, नाहीतर थर घसरतात.

तुमच्याकडे सणाचे दोन दिवस, इकडे एकच. सणात नवी आग पेटवायची नाही, म्हणून आदल्या दिवशीच पूर्ण भाजून ठेवा. दुसऱ्या दिवशी चव उलट मुरते. आधीपासून पेटत्या गॅसवरच्या तव्यावर गरम करणार असाल तर भांडं स्टीलचं घ्या, काचेचं तडकेल.

तुमची लेक