नवव्या सर्गातलं तिकीट

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "बाबा, मी एकांकिका सोडली" एवढंच म्हणालीस आणि विषय बदललास. बाकीचं आईकडून कळलं. दोन महिने तालमी तू केल्यास आणि भूमिका ऐनवेळी दुसरीला गेली. मग मैत्रिणींना पाठवून तुझी मनधरणी सुरू झाली. समजूत घालायला लिहीत नाहीये. तुझ्या कपाटातलं 'इलियड', म्हणजे ग्रीक कवी होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य, हाताला लागलं, ते वाचून झालं, म्हणून लिहितोय. नवव्या सर्गात खुणेला तुझं बसचं तिकीट होतं.

मला वाटायचं, त्यात ग्रीक ज्यात लपून ट्रॉयमध्ये शिरले तो लाकडी घोडा असेल. तो नाहीच! मूळ ग्रीकमध्ये पहिला शब्दच म्हणे 'क्रोध' आहे. दहा वर्षं चाललेल्या युद्धातल्या शेवटच्या वर्षातल्या थोड्या दिवसांची गोष्ट. ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस, त्याच्या वाट्याला आलेली बंदिनी ब्रिसेइस त्यांचा सरसेनापती आगामेम्नॉन सगळ्या सैन्यादेखत काढून घेतो. (तिला काय वाटतं हे कुणी विचारत नाही, ते मला सारखं टोचत राहिलं.) लुटीतला वाटा म्हणजे त्या लोकांचा मान. आपल्या लग्नांतल्या मानपानासारखंच ते. साडी केवढ्याची हा प्रश्न नसतो, चारचौघांत कुणाला डावललं हा असतो.

अकिलीस लढणंच सोडतो, ग्रीक हरू लागतात आणि नवव्या सर्गात आगामेम्नॉन नमतं घेतो. सात तिवया, वीस हंडे, बारा घोडे, सोनं, ब्रिसेइस परत, वर स्वतःची मुलगी आणि सात नगरं. स्वतः मात्र येत नाही, माणसं पाठवतो. निरोपाच्या शेवटी त्याने म्हटलेलं असतं, मी थोर राजा आहे, त्यानं माझ्यापुढे झुकावं. त्या माणसांतला ओडिसियस सगळी यादी घडाघडा म्हणतो आणि नेमकं तेवढं गिळतो. तरी अकिलीसला वास येतोच. मनात एक ठेवून ओठांवर दुसरं आणणारा माणूस मला पाताळाच्या दारासारखा वाटतो, असं तो तोंडावर सुनावतो आणि सगळं नाकारतो. इथवर मी पुरता त्याच्या बाजूचा होतो. तूही असणार.

पुढे त्याचा जिवलग पॅट्रोक्लस त्याचंच चिलखत घालून लढायला जातो आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या हातून मरतो. मग अकिलीस हेक्टरला मारतो आणि त्याचं प्रेत रथाला बांधून फरपटतो, तेही एकदाच नाही. हा तोच हेक्टर, ज्याच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून त्याचं तान्हं बाळ किंचाळून दाईला बिलगतं. आईबाप दोघं हसतात. तो शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, मग लेकाला उचलतो. हे पान मी दोनदा वाचलं.

शेवटच्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम, लेकाचं प्रेत मागायला रात्री शत्रूच्या छावणीत येतो. मुलाला मारणाऱ्याचे गुडघे धरतो, त्याच हातांचं चुंबन घेतो आणि म्हणतो, तुझा बाप आठव. दोघं रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा बापासाठी आणि पॅट्रोक्लससाठी.

पण मी अडकलो ते त्यानंतर. अकिलीस विरघळला आणि संपलं, असं होत नाही. प्रायम जरा घाई करतो तर तो लगेच गुरगुरतो, मला डिवचू नकोस. मग दासींना सांगतो, प्रेत दूर नेऊन धुवा, म्हाताऱ्याला दिसता कामा नये. लेकाला त्या अवस्थेत बघून त्याचा तोल जाईल, मग माझाही जाईल आणि मी त्याला मारून बसेन. स्वतःच्या रागाला तो इतका ओळखून आहे! नंतर प्रेत स्वतःच्या हातांनी उचलून तिरडीवर ठेवतो. म्हाताऱ्याला आग्रहाने जेवू घालतो. अंत्यविधीला किती दिवस हवेत विचारतो आणि तितके दिवस लढाई थांबवतो.

पुस्तक उद्या कुरिअरने पाठवतोय. सोबत आईने चकल्या दिल्यात, डबा परत आण. तिकीट होतं तिथेच ठेवलंय.

तुझा,
बाबा