बिघडलेल्या जॉबला चिठ्ठी हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२५ च्या जूनमध्ये जपानच्या आयस्पेस कंपनीचे ‘रेझिलियन्स’ हे यान चंद्रावर उतरताना आदळले, तेव्हा आपल्या दैनिकात आतल्या पानावर चार ओळी आल्या. संपर्क तुटला, यान कोसळले, कंपनीची ही दुसरी खेप, इति. पाठोपाठ याच सदरात एका वाचकाने ‘चांद्रमोहिमा हा हौशागवशांचा पोरखेळ झाला आहे’ असे लिहिले. त्याच महिन्यात कंपनीने कारण सांगितले. जमिनीचे अंतर मोजणाऱ्या लेसर उपकरणाचे माप उशिरा मिळाले, म्हणून यानाचा वेग वेळेत कमी झाला नाही. हे कारण मात्र आपल्याकडे कुठल्या पानावर सापडले नाही. माझी तक्रार तेवढीच आहे.

मी २७ वर्षे आयटीआयत टर्नर ट्रेडला शिल्प निदेशक होतो. आमच्या वर्कशॉपच्या दाराशी एक रॅक होता. त्यावर बिघडलेले जॉब, म्हणजे पोरांना घडवायला दिलेले नग, ठेवायचो, प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. काय बिघडले आणि कशाने, एवढेच लिहायचे. पोराचे नाव लिहायचे नाही. नवीन बॅच आली की पहिले दोन दिवस मी लेथला, म्हणजे धातू फिरवून कातायच्या मशीनला, हात लावू देत नसे, रॅक वाचायला लावायचो.

त्यातला एक जॉब अजून डोळ्यासमोर आहे. २५.६ मिलिमीटरची सळई २४.५ वर आणायची होती. पोराने डायलवर अर्धा मिलिमीटर कट दिला आणि मनाशी धरले, आता २५.१ झाली. फिरती सळई दोन्ही बाजूंनी कातली जाते, म्हणून अर्धा कट दिला की व्यास एकाने उतरतो, हे तो विसरला. जाडी मोजणारा मायक्रोमीटर २४.६ दाखवत होता. पठ्ठ्या म्हणाला, “सर, मायक्रोमीटर खराब झालाय.” मी वळून बघेपर्यंत आणखी सहा दशांशाचा कट मारून झाला होता. जॉब २३.४ वर जाऊन बसला.

आता २६ एप्रिल २०२३ बघा. याच आयस्पेसचे पहिले यान, हाकुतो-आर. उतरताना एका विवराच्या काठावरून गेले, तिथे जमीन एकदम सुमारे तीन किलोमीटर खाली. उंची मोजणाऱ्या उपकरणाने खरा आकडा दिला. संगणकाला तो इतका मोठा वाटला, की उपकरणच बिघडले असे ठरवून त्याने ते माप बाजूला टाकले आणि स्वतःचा अंदाज धरून बसला. त्याच्या हिशेबाने उंची शून्य झाली तेव्हा यान पाच किलोमीटर वर तरंगत होते. इंधन संपले आणि खाली आले. उतरायची जागा आराखडा झाल्यावर बदलली होती, नव्या वाटेची तालीम पुरेशी झाली नव्हती. ही बातमी वाचून मला तो पोरगा आठवला. हे पोरखेळ नव्हे, आणि असेलच तर आमच्या वर्कशॉपात रोज चालणारा आहे.

त्या वाचकाला ‘हौशी’ म्हणताना बहुधा गूगल लुनार एक्स प्राइझ आठवले असेल. २००७ साली जाहीर झालेली स्पर्धा. खासगी पैशांवर चंद्रावर रोबो उतरवायचा, तो ५०० मीटर चालवायचा, तिथून चित्रफीत पाठवायची. पहिल्याला २ कोटी डॉलर. मुदत वाढत वाढत मार्च २०१८ पर्यंत गेली आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. त्यातल्या इस्रायलच्या स्पेसआयएलने नंतरही हट्ट सोडला नाही. त्यांच्या ‘बेरेशीट’ला सुमारे १० कोटी डॉलर लागले, म्हणजे बक्षिसाच्या पाचपट. हा व्यवहार आमच्या इचलकरंजीत कोणी पटवून दाखवावा! ११ एप्रिल २०१९ रोजी उतरताना त्याचे दिशा आणि वेग सांगणारे एक उपकरण बंद पडले. ते चालू करायला हुकूम गेला, त्या गडबडीत मुख्य इंजिनच बंद पडले.

या स्पर्धेच्या शेवटच्या पाचांत बंगळूरची टीमइंडस ही कंपनी होती. उतरण्याच्या तंत्राच्या तयारीबद्दल त्यांना जानेवारी २०१५ मध्ये १० लाख डॉलर मिळाले होते. त्यांनी २५ वर्षांखालच्या मुलांसाठी स्पर्धा काढली होती. चंद्रावर न्यायचा प्रयोग कोल्ड्रिंकच्या कॅनएवढा आणि २५० ग्रॅमच्या आत हवा. आम्ही भाग घेतला नाही, आमच्याकडे प्रयोग कुठला? पण तो कॅन मी जॉब म्हणून दिला. ॲल्युमिनियमच्या बारमधून पोरांनी तो कोरून काढला. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर पहिला ३१० ग्रॅम भरला. आत काही न घालताच! दुसऱ्याची भिंत पातळ करताना तो चकात, म्हणजे जॉब पकडणाऱ्या लेथच्या जबड्यात, दाबला जाऊन चेपला. तिसरा १४० वर आला, तेव्हा वर्कशॉपात शिट्ट्या वाजल्या. जानेवारी २०१८ मध्ये टीमइंडसचा इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने जायचा करार रद्द झाला. पोरे विचारत राहिली, “सर, ते कधी जाणार?” माझ्याजवळ उत्तर नव्हते, पेपरातही नव्हते.

हे सगळे खासगी म्हणतात तेही अर्धेच खरे. आता अमेरिकी कंपन्यांच्या यानांवर सामान पाठवायला नासाच पैसे मोजते. त्यातल्या ‘ओडिसियस’ यानाच्या उंची मोजणाऱ्या लेसरचा सुरक्षेचा खटका उड्डाणाआधी काढायचा राहून गेला आणि ते फेब्रुवारी २०२४ मध्ये चंद्रावर कलंडले. लेथच्या चकात चावी विसरून मशीन चालू करणाऱ्यांना हे वेगळे समजवायला नको. फायरफ्लाय कंपनीचे ‘ब्लू घोस्ट’ २ मार्च २०२५ रोजी उतरले आणि सरळ उभे राहिले. त्याची बातमी तुम्ही फोटोसह दिलीत, आनंद झाला.

आपल्या चांद्रयान-२ चा विक्रमही सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रावर आदळला होता. इस्रोने चांद्रयान-३ करताना काय काय बिघडू शकते याची यादी आधी केली, मग यान बांधले. पोरखेळ म्हणणाऱ्यांनी तेव्हा तसे म्हटल्याचे मला आठवत नाही.

विनंती एकच. पुढचे यान आदळले तर चार ओळींत कोसळल्याचे जरूर छापा, पण कारण कळेल त्या दिवशी पाचवी ओळही छापा, मग तीन आठवडे उशीर का होईना. आमचा १४० ग्रॅमचा कॅन माझ्या टेबलावर आहे, त्यात मी पेनं ठेवतो. चेपलेला दुसरा त्या रॅकवर असेल, चिठ्ठीसकट, नव्या साहेबांनी भंगारात घातला नसेल तर.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक (टर्नर), इचलकरंजी