कुलकर्ण्यांच्या घरात कुलकर्णी

सोलापूर

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आजी मधे मधे बोलत होती, त्यामुळे नीट सांगता आलं नाही. तिचं एकच पालुपद आहे, "कुलकर्ण्यांच्यात कुलकर्णी देतात होय रे? उद्या भाऊबंद निघाले म्हणजे?" मुलगा तिला पसंत आहे. आडनाव तेवढं घशाखाली उतरत नाही.

मी तिला पाटलांचं उदाहरण दिलं. आपल्या जिल्ह्यात पाटील मराठा आहेत, लिंगायत आहेत, मुसलमानही आहेत. ते काय एकमेकांचे चुलते लागतात? पाटीलकी हे गावचं वतन, म्हणजे वंशपरंपरेनं चालणारं हक्काचं काम, तसंच कुलकर्णही. पाटलानं सारा गोळा करायचा, कुलकर्ण्यानं कुळवार हिशेब लिहायचा. तेच काम परगण्याला, म्हणजे अनेक गावं मिळून, करणारा देशपांडे. गावोगाव कुलकर्णी होता, म्हणून आज गल्लोगल्ली कुलकर्णी. त्यात वतनाच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या पडायच्या, ते गहाण पडायचं, विकलंही जायचं. म्हणजे एकाच गावचे दोन कुलकर्णीसुद्धा एका रक्ताचे असतीलच असं नाही.

समर्थ रामदासांचं घराणं ठोसर, जांबचं कुलकर्ण त्यांच्याकडे. आपेगावचं कुलकर्ण ज्ञानेश्वर माउलींच्या घराण्याकडे. म्हणून कुणी त्या दोघांचं सुतक एक धरलं का? हे ऐकून आजी जरा हसली.

माळ्यावरच्या ट्रंकेत एक मोडी खरेदीखत आहे, आलीस की दाखवीन. खाली पाटलानं सहीऐवजी नांगर काढलाय, वेडावाकडा, फाळाच्या जागी शाईचा डाग. वरचा मजकूर मात्र कुलकर्ण्याच्या हातचा, बोरू न उचलता ओळच्या ओळ ओढलेला. नांगर काढणाऱ्याला वरचं वाचता येत नसेल, तर आत काय लिहिलंय ते लिहिणाराच जाणे! महात्मा फुल्यांनी गावकुलकर्ण्याला उगाच नाही झोडपलं. आजी "आपण वतनदार" म्हणायला लागली की मी म्हणूनच पेपर तोंडासमोर धरतो. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ मध्येच हे वतन मोडून पगारी तलाठी नेमले. आपल्याकडे मुंबई राज्याचा कायदा १९५० चा. दप्तर तलाठ्याकडे गेलं, आडनाव आपल्याला चिकटून राहिलं.

आता कामाचं. ही मंडळी इंडीकडची, घरात कानडी बोलतात. त्यांचं गोत्र वसिष्ठ, आपलं काश्यप. त्यांचं कुलदैवत नीरा नरसिंहपूरचं, आपली तुळजापूरची भवानी. आजीला एवढं पुरे. आणि गोत्र एक निघालं असतं तरी १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्याला आडवा येत नाही. तो सपिंड नातं बघतो, वडिलांकडून पाच पिढ्या, आईकडून तीन. पंढरपूरच्या बडव्यांसारखं एकाच देवळाशी बांधलेलं आडनाव दोन्हीकडे असतं, तर मीही आधी वंशावळ मागितली असती.

गड्ड्याच्या जत्रेला त्याला घेऊन ये. आजीला त्याच्या मूळ गावाचं नाव आणि आजोळ विचारायचंय, तेवढं त्याला पाठ करून यायला सांग. आणि लग्नानंतर आडनावासाठी अर्जबिर्ज करत बसू नकोस. मधल्या नावाचं काय करायचं ते तुझं तू ठरव.

तुझा
बाबा