मुरमावरची बाग आणि पेटवला जाणारा पालापाचोळा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की पुण्याच्या आसपासच्या नव्या वसाहतींत लाल मातीच्या गाड्या येऊ लागतात. नव्या घरात राहायला आलेल्या मंडळींना पावसाळ्यात अंगण हिरवे झालेले हवे असते आणि पायाखाली तर नुसता मुरूम असतो. तेव्हा गाडीभर माती, तिच्यावर लॉनचे तयार तुकडे आणि कुंपणाला लागून फॉक्सटेल पामची रांग, हा उपाय सर्वांना सोपा वाटतो. मुंबईतला फ्लॅट सोडून आम्हीही अशाच एका वसाहतीत, टेकडीच्या उतारावर राहायला आलो. तिथे बाग करताना जे दिसले त्यावरून माझे असे मत झाले आहे की, ही माती विकत आणण्याची मुळीच गरज नाही. ती जागेवरच तयार करता येते आणि ज्या पालापाचोळ्यातून ती तयार होते, तो आपण दर उन्हाळ्याच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला पेटवून देतो.

मुरूम म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाची झालेली झीज. त्यात खनिजे असतात. नसतो तो कुजलेला पाला, आणि म्हणून पाणी धरून ठेवण्याची ताकद त्याच्यात नसते. त्यात भर पडते ती बांधकामाची. आमच्याकडे वीतभर खणले की पहार ठणकते आणि वर येतात ती प्लास्टरची ढेकळे, फरशीचे तुकडे आणि सिमेंटच्या गोण्यांच्या चिंध्या. या राडारोड्यातल्या चुन्यामुळे आधीच विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची (अल्कलाइन) असलेली जमीन आणखी विम्ल होते, तिच्यातले लोह झाडाला घेता येत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या उरतात. अशा झाडाला लोक युरिया घालतात. त्याचा काहीही उपयोग होत नाही, कारण उणीव नत्राची नसतेच.

वास्तविक वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि खोदाईत निघालेली वरच्या थरातली माती साठवून त्याच आवारातल्या बागेसाठी वापरावी, अशी अट त्या मंजुरीत सामान्यतः असते. घराचा ताबा घेताना नळ आणि फरश्या तपासणारे आपण या मातीचे काय झाले, असे कधी विचारतो का? लहान प्रकल्पांना तर हे बंधनही नाही. मग एका टेकडीची माती मुरमाखाली गाडायची आणि दुसरीकडची कुणाच्या तरी जमिनीवरून खरवडून आणायची, असा हा व्यवहार चालतो. उतारावर पसरलेली ती विकतची माती पहिल्या वळवाच्या सरीतच गटाराला लागते, हे वेगळेच.

जागेवर माती करायला कष्ट आहेत, खर्च फारसा नाही. उताराला आडवे उथळ चर काढावेत, त्यांत सुका पाला दाबून भरावा, त्यावर शेणकाला शिंपडावा आणि वर पुन्हा पाल्याचे आच्छादन द्यावे. चरातला पाला पावसाचे पाणी धरतो, हळूहळू कुजतो आणि ओल टिकली की गांडुळे आपोआप येतात. ती विकत आणावी लागत नाहीत. पहिला पाऊस पडल्यावर मोकळ्या जागेत ताग पेरला आणि सहा-सात आठवड्यांनी, तो फुलावर येताना कापून तिथेच गाडला, तर नत्राचीही सोय होते. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटाच्या माध्यमातून पालापाचोळ्यापासून माती करण्याचे हे तंत्र कितीतरी वर्षांपूर्वी सामान्य माणसांपर्यंत पोहोचवले होते, तेव्हा यात नवे असे काही नाही. एक सूचना मात्र करावीशी वाटते. मुरमात गुळगुळीत कडांचा खड्डा घेऊन तो चांगल्या मातीने भरला, तर तो जमिनीत पुरलेल्या कुंडीसारखा होतो. मुळे आतल्या आत फिरत राहतात. खड्ड्याच्या कडा टिकावाने फोडून घेणे फार आवश्यक आहे.

आता पक्ष्यांविषयी. ‘इथे काहीच नाही’ असे आपण ज्या उघड्या मुरमाला म्हणतो, तिथे उन्हाळ्यात टिटवी अंडी घालते. मुरमाच्या खड्यांत तिची ठिपकेदार अंडी हातभर अंतरावरूनही ओळखू येत नाहीत, म्हणून एखादा तुकडा तसाच उघडा ठेवायला हरकत नाही. बाकीच्या जागेत टेकडीचीच झाडे लावावीत. धायटी मुरमाड उतारावर आनंदाने वाढते आणि तिच्या लाल फुलांवर शिंजीर येतात. करवंदाच्या काटेरी जाळीत बुलबुलाला आडोसा मिळतो. पाला उचलून नेला नाही, तर त्यात किडे शोधत सातभाईंची टोळी कलकलाट करत येते. फॉक्सटेल पामवर यांतले काय येते, ते ज्याचे त्याने पाहावे. कोनोकार्पस या परदेशी शोभेच्या झाडाची कुंपणे तर अजूनही लावली जातात. गुजरात सरकारने २०२३ साली या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

फुलपाखरांच्या बाबतीत आपली मोठी गंमत आहे. ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिला. पण त्याच्या अळीने लिंबाची चार पाने खाल्ली की घरोघरी फवारणीचा पंप निघतो. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी जी बारीक अळी असते, तीच पुढे हिरवीगार होते आणि कोष करून फुलपाखरू बनते. आमच्या वसाहतीत तिचे छायाचित्र ‘कीड लागली आहे, औषध सुचवा’ अशा मजकुरासह फिरत असते. कढीपत्ता पुन्हा फुटतो. शिवाय बुलबुलाची पिल्ले वाढतात ती अशाच अळ्यांवर. एकदा फवारणी केली की आईबापांना पिल्लांसाठी काही उरत नाही.

म्हणून महापालिकांना आणि गृहनिर्माण संस्थांना एक विनंती आहे. उघड्यावर कचरा जाळण्यास २०१६ च्या घनकचरा नियमांनी मनाई केली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी पाच हजार रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड सांगितला. तरीही पानगळीच्या दिवसांत सकाळी रस्त्याकडेला धूर दिसतोच. त्यासाठी झाडणाऱ्या कामगाराला दोष देण्यात अर्थ नाही. गोळा केलेला पाला टाकायला त्याला जागा तरी कुठे दिलेली असते? प्रत्येक प्रभागात, एखाद्या उद्यानाच्या कोपऱ्यात, जानेवारी ते एप्रिल या काळात सुक्या पाल्यासाठी जागा राखून ठेवावी, नागरिकांना तिथून तो फुकट नेऊ द्यावा आणि त्या ठिकाणांची यादी डिसेंबरातच वर्तमानपत्रांतून जाहीर करावी.

आपला,
एक निवृत्त वाचक, पुणे